हात पाहिजेत : पुलगाव ते आर्वी, रोहण्याच्या वाटेनं

पुलगाव हे नावच रेल्वेनं दिलेलं आहे. वर्धा नदीवर लोहमार्गाचा पूल झाला आणि पुलाजवळचं गाव पुलगाव म्हणून ओळखलं जाऊ लागलं. मुंबई-नागपूर मार्गावरच्या गाड्या आजही इथं थांबतात. मला मात्र ज्या गाडीनं पुढं जायला आवडलं असतं, ती बंद पडून कितीतरी वर्षं झाली. पुलगाव ते आर्वी अशी ती अरुंद रुळांवरची 35 किलोमीटरची छोटी गाडी. यवतमाळ-मूर्तिजापूरच्या ‘शकुंतले’ची ही धाकटी बहीण. मालकी तीच, सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, आणि कारभारही त्याच किलिक निक्सन या मुंबईच्या इंग्रजी पेढीकडे. 1917 साली ही गाडी सुरू झाली ती माणसांपेक्षा कापसासाठी. आर्वीकडचा कापूस पुलगावात आणायचा, मोठ्या गाडीत भरायचा आणि मुंबईच्या बंदराकडे पाठवायचा.

त्या गाडीच्या वाटेवरचं एक स्टेशन होतं रोहणा. मला तिथंच जायचं होतं.

जाणं ठरलं ते एका फोनमुळं. नागपूरच्या एका मित्राचे काका रोहण्याला शेती करतात. डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांचा फोन आला तेव्हा मी योगायोगानं मित्राच्या घरीच बसलो होतो. “कापूस फुटून वावरात लोंबून राह्यला,” काका सांगत होते, “अन् वेचाले हात भेटत नाही. शेवटी बैतूलकडून टोळी आणली.”

माणसं भेटत नाहीत, मजूर भेटत नाहीत, असं ते म्हणाले नाहीत. हात भेटत नाहीत, असं म्हणाले. त्या दिवसांत मी मेक्सिकोच्या शेतमजुरांविषयी वाचत होतो, म्हणून तो शब्द माझ्या कानात रुतून बसला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेनं मेक्सिकोतून करारावर जे शेतमजूर आणले, त्यांना ‘ब्रासेरो’ म्हणत. स्पॅनिश भाषेत ‘ब्रासो’ म्हणजे बाहू, आणि ब्रासेरो म्हणजे बाहूंच्या बळावर राबणारा. हजारो किलोमीटर अंतरावरच्या दोन मुलखांना मजुरासाठी नेमका देहाचा तोच भाग आठवावा, याचं मला फार नवल वाटलं. एका आठवड्यानं मी पुलगावला उतरलो.

पुलगावहून आर्वीकडे निघालं की विरूळ लागतं आणि मग रोहणा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी जमीन. डिसेंबरात या जमिनीचं रूप पाहण्यासारखं असतं. सोयाबीन निघून गेलेलं, त्या रानात हरभऱ्याचे कोवळे हिरवे पट्टे. तुरी पिवळ्या फुलांवरून शेंगांवर आलेल्या. आणि मधेमधे कपाशी. पानं तांबूस पडून गळायला लागलेली आणि झाडावर पांढरंशुभ्र बोंड उमललेलं. इकडच्या बोलीत पऱ्हाटी. जुन्या लोहमार्गाचा भराव मधूनच रस्त्याच्या जवळ येतो आणि पुन्हा गवतात, बाभळींत दिसेनासा होतो.

या कापसाची गोष्टही अमेरिकेपासूनच सुरू होते. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला कापूस मँचेस्टरला पोचेनासा झाला. गिरण्यांना दुसरीकडचा कापूस हवा होता, आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडावर नि वर्धा खोऱ्यावर गेली. हिंगणघाटचा कापूस तेव्हाही नावाजलेला होताच. पण तोपर्यंत इकडचा बराच कापूस बैलांच्या पाठीवर लादून गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जायचा, वाटेत धूळ-पाऊस खायचा. 1862 मध्ये वर्धा हा वेगळा जिल्हा झाला आणि 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. पाच-सहा वर्षांत या मुलखाचं तोंड गंगेकडून मुंबईच्या समुद्राकडे फिरलं.

रोहण्याच्या अलीकडे मी भरावावर थोडा वेळ बसलो. 1917 हे साल डोक्यातून जात नव्हतं. ज्या वर्षी इथं कापसासाठी रूळ पडले, त्याच वर्षी हिंदुस्थानातून फिजी, त्रिनिदादकडे करारावरचे, म्हणजे गिरमिट्ये, मजूर पाठवणं थांबलं. त्याआधी आपल्या रत्नागिरीकडचीही माणसं अशाच गिरमिटावर मॉरिशसला गेली आणि तिथंच मराठी बोलत राहिली. त्याच वर्षी अमेरिकेनं स्थलांतराचा नवा कायदा करून हिंदी माणसांना दार बंद केलं. कॅलिफोर्नियाच्या शेतांत राबणाऱ्या पंजाब्यांचे भाऊबंद आता तिकडे जाऊ शकत नव्हते. आणि काही महिन्यांतच शेतमालकांच्या ओरडीमुळं मेक्सिकन मजुरांना मात्र तात्पुरतं आत येण्याची खास सूट मिळाली. हात कुणाचे चालतील आणि किती दिवस चालतील, याचा निर्णय राबणाऱ्यानं कधीच केलेला नाही. तो नेहमी कागदावर, दूरवर कुठेतरी होतो.

रोहण्याला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. काकूंनी पाणी दिलं, चहा दिला आणि काकांनी मला तसंच वावरात नेलं. “घरी बसून काय दिसन तुमाले?” म्हणाले.

धुऱ्यावर निंबाच्या झाडाखाली टोळीचा संसार होता. ताडपत्रीची तीन पालं, तीन दगडांच्या चुली, पाण्याचे ड्रम. झाडाला साडीची झोळी बांधलेली आणि तिच्यात एक बाळ झोपलेलं. सहा-सात वर्षांची एक मुलगी झोळीची दोरी ओढत बसली होती. वावरात अठरा माणसं. बायांनी कमरेला जुन्या साडीची ओटी बांधलेली, दोन्ही हात झाडावर चाललेले. कापूस वेचणं पाहताना सोपं वाटतं. मी करून पाहिलं. बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी असतात. पाचही बोटं आत घालून कापूस एका झटक्यात असा उचलावा लागतो की पाकळीत धागा राहू नये आणि वाळलेल्या पानाचा चुरा कापसात येऊ नये. दहा मिनिटांत माझ्या नखांशेजारी रक्त आलं. शेजारची बाई तोवर तीन झाडं पुढे गेली होती.

चांगल्या हाताची बाई दिवसाला चाळीसएक किलो वेचते. कापूस हलका म्हणून हा आकडा किती मोठा आहे ते ध्यानात येत नाही. एका बोंडात चार-पाच ग्रॅम कापूस धरला, तर चाळीस किलोसाठी आठ-दहा हजार वेळा हात बोंडात जातो. रोज.

इकडे कापसाचा पहिला वेचा सीतादहीनं सुरू होतो. घरची लक्ष्मी वावरात जाते, कपाशीची पूजा करते, दहीभाताचा नैवेद्य दाखवते आणि मग झाडाला हात लावते. काकूंनी यंदाही ते केलं होतं. मी विचारलं, टोळीतल्या बाया होत्या का तेव्हा? “त्या दोन दिसांनं आल्या,” काकू म्हणाल्या, “पण मी त्यांच्यासाठी परसाद ठेवला होता.” मला हे ऐकून फार बरं वाटलं. आणि लगेच मनात आलं, की पूर्वी पहिल्या वेच्याला गावातल्याच पंचवीस बाया असायच्या आणि हा प्रसाद ठेवून द्यावा लागत नव्हता.

गावातले हात गेले कुठं? काकांचं उत्तर सरळ होतं. पोरं नागपूर, बुटीबोरी, पुण्याला गेली. गावातल्या बाया आहेत, पण त्यांच्या मागं कामं फार. पूर्वी सालगडी असायचा. गुढीपाडव्याला त्याचं साल ठरायचं, पैसा, ज्वारी, कपडे, चपला असा हिशेब व्हायचा आणि पुढच्या पाडव्यापर्यंत तो घरचा. आता कुणी सालानं राहायला तयार नाही, आणि राहू नयेच, असं मलाही वाटतं. ते बंधन काही सुखाचं नव्हतं. पण सालदारी गेली आणि तिच्या जागी गुत्ता आला, टोळी आली, मुकादम आला.

टोळी बैतूल जिल्ह्यातल्या भैंसदेहीकडची होती. काही गोंड, काही कोरकू. सातपुडा उतरून परतवाड्याला यायचं, तिथून अमरावती आणि मग वर्धा नदी ओलांडून इकडे. ही वाट नवी नाही. मेळघाटातले कोरकूही असेच दिवाळीनंतर खालच्या सपाटीवर उतरतात आणि होळीला काहीही करून घरी पोचतात, कारण होळी हा त्यांचा सगळ्यात मोठा सण. डोंगरातलं कोरडवाहू पीक घरात पुरत नाही आणि सपाटीवरच्या पिकाला हात पुरत नाहीत, म्हणून दर हिवाळ्यात माणसं उतारानं वाहत येतात. पूर्व विदर्भातली वाट आणखी वेगळी. गडचिरोली, चंद्रपूरकडची माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. 2020 च्या टाळेबंदीत मिरचीच्या वावरांतून घराकडे जंगलवाटांनी पायी निघालेले ते तांडे आपण पाहिले होते. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारा जोडीचा ‘कोयता’ तर साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मोजमापात माणसाचं नाव हत्यारावरून पडलं.

ब्रासेरोंना आणणारा मेक्सिकोचा करार झाला 4 ऑगस्ट 1942 रोजी. अमेरिकेतले तरुण युद्धावर गेले होते, शेतात बीट आणि कापूस उभा होता. त्या सप्टेंबरच्या अखेरीस पहिली तुकडी कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनला बिटाच्या कामासाठी उतरली. युद्ध संपलं, तरी योजना संपली नाही. 1964 च्या शेवटापर्यंत, बावीस वर्षं ती चालली आणि सुमारे 46 लाख करार झाले. एकच माणूस पुन्हा पुन्हा जायचा, म्हणून माणसं त्याहून कमी. करार वाचले तर मन हरखून जावं असे होते. फुकट निवारा, जाण्यायेण्याचा खर्च, ठरावीक किमान मजुरी, कराराच्या किमान तीन चतुर्थांश दिवसांच्या कामाची हमी. प्रत्यक्षात भरती केंद्रांवर माणसांच्या रांगा लागायच्या आणि तपासणारे त्यांचे तळहात उघडून घट्टे पाहायचे. घट्टे असले तर शेतकरी खरा. सीमेवर त्यांना उघडं करून अंगावर डीडीटीची पूड फवारायचे. लिओनार्ड नाडेल या छायाचित्रकारानं 1956 मध्ये टेक्सासमधल्या हिदाल्गोच्या केंद्रावर काढलेला तो फोटो मी कितीतरी वेळा पाहिला आहे. तोंडाला मुखवटा बांधलेला माणूस नळी धरून उभा आहे आणि समोरचा मजूर डोळे मिटून चेहरा वर करून उभा आहे.

काकांच्या वावरात मी तो फोटो विसरू शकलो नाही. फवारणीचं औषध इथं कुणी कुणाच्या अंगावर मारत नाही, पण 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. उंच वाढलेल्या पऱ्हाटीत डोक्याच्या पातळीवर फवारा मारायचा, तोंडाला साधं फडकं. यातले पुष्कळ दुसऱ्याच्या वावरात रोजानं फवारणारे होते.

संध्याकाळी काटा लागला. निंबाच्या फांदीला वजनकाटा टांगला, गाठोडी एकेक करून अडकवली. काका आकडा मोठ्यानं वाचत होते, मुकादम वहीत लिहीत होता. आणि त्याच वेळी थोडं बाजूला, पालाच्या तोंडाशी, चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी आपल्या शाळेच्या वहीत तेच आकडे लिहीत होती. मुकादमानं एकदा तिच्याकडे पाहिलं. काही बोलला नाही. किलोला 10 रुपये वेचणी आणि मुकादमाला किलोमागे 1 रुपया वेगळा, असा यंदाचा भाव ठरला होता.

रात्री अंगणात जेवणं झाल्यावर काकांना मी ब्रासेरोंची गोष्ट सांगितली. त्यांना सगळ्यात जास्त रस वाटला तो पैशाच्या हिशेबात. 1942 ते 1949 या काळात दर मजुराच्या मजुरीतून दहा टक्के रक्कम कापून घेत. घरी परतल्यावर बचत म्हणून ती मिळायची होती. रक्कम अमेरिकेच्या बँकेतून मेक्सिकोच्या बँकांत गेली आणि बहुतेकांच्या हाती पोचलीच नाही. अनेकांना तर कपात होते हेही ठाऊक नव्हतं.

“म्हणजे मजुरी मागं ठेवली,” काका म्हणाले. थोडा वेळ थांबून म्हणाले, “आमी आधी देतो.”

ते उचलीविषयी बोलत होते. पोळ्याच्या सुमारास हात रिकामे असतात, घरात दुखणं असतं, बियाण्याचं देणं असतं. मुकादम त्या वेळी उचल देतो आणि दिवाळीनंतर माणसं ती फेडायला येतात. काकांना यात उपकाराची भावना नव्हती, तसं लपवायचंही काही नव्हतं. उचल दिल्याशिवाय टोळी येत नाही, आणि दिलेली उचल बुडाली तर बुडते, ही त्यांचीही धास्ती खरी. पण ते दोन शब्द मी त्या रात्री बराच वेळ घोळवत होतो. मागं ठेवलेली मजुरी माणसाला परत जायला लावते, आधी दिलेली मजुरी माणसाला परत जाऊ देत नाही. अमेरिकेला मजूर मोसम संपताच निघून जायला हवे होते, म्हणून तिथं पैसा मेक्सिकोत अडकवला. इथं मजूर मधेच निघून जाण्याची भीती, म्हणून पैसा आधीच अंगावर टाकला. उचलीच्या बदल्यात माणसाला कामाशी बांधणं 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं गुन्हा ठरवलं. 1979 मध्ये आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी वेगळा कायदा झाला आणि त्यात कंत्राटदारानं प्रत्येक कामगाराला फोटो चिकटवलेलं पासबुक द्यावं, विस्थापन भत्ता द्यावा, प्रवासभाडं द्यावं अशा तरतुदी होत्या. ब्रासेरोच्या कराराइतकाच तो वाचायला चांगला कायदा होता. त्या निंबाखाली मी पासबुकाविषयी विचारलं तेव्हा अठरा जणांपैकी कुणी तो शब्दही ऐकलेला नव्हता.

काकांनी मग विचारलं, “पण मेक्सिकोचं तुमाले इतकं काहून?”

मी म्हटलं, वर्ध्याचाच एक माणूस तिकडे आपल्या आधी जाऊन बसला होता. पांडुरंग सदाशिव खानखोजे. 1884 चा वर्ध्याचा जन्म. क्रांतीच्या ध्यासानं अमेरिकेला गेले, तिथल्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या हिंदी मजुरांत मिसळले आणि गदर चळवळीच्या पहिल्या फळीत उभे राहिले. शेतीशास्त्र शिकले. पहिल्या महायुद्धात इराणपर्यंत लढून, बर्लिन-मॉस्को पालथं घालून अखेर 1924 मध्ये मेक्सिकोला पोचले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. मक्यावर त्यांनी केलेलं संशोधन गाजलं. पण मला त्यांच्या कामातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते ‘मुक्त कृषी शाळा’. ज्यांना विद्यालयाची पायरी कधी चढता आली नसती, अशा गरीब शेतकऱ्यांसाठी त्या होत्या. चित्रकार दिएगो रिव्हेरानं मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रोजच्या भाकरीचं चित्र रंगवलं, त्यात मेजाशी भाकरी वाटणारा जो माणूस आहे त्याला खानखोज्यांचा चेहरा दिला आहे. 1942 चा करार झाला तेव्हा ते मेक्सिकोतच होते. ज्या शेतकऱ्यांनी आपल्याच रानात टिकावं म्हणून त्यांनी मक्याचं बियाणं सुधारलं, त्यांतले लाखो पुढच्या वीस वर्षांत दुसऱ्याच्या रानात हात द्यायला उत्तरेकडे गेले. स्वातंत्र्यानंतर खानखोजे मायदेशी परतले आणि 1967 मध्ये नागपुरात वारले. काकांनी हे नाव ऐकलं नव्हतं. काकूंनी मात्र वहीत लिहून ठेवायला सांगितलं, नातवाला सांगायचं म्हणून.

दुसऱ्या दिवशी आर्वीकडे निघालो. वाटेत धनोडी. इथं वर्धा नदी अडवून निम्न वर्धा प्रकल्पाचं धरण उभं आहे. भिंतीवरून एका बाजूला अथांग पाणी आणि दुसऱ्या बाजूला कालव्याच्या रेषेत हिरवी झालेली रानं दिसतात. हातांचा तुटवडा समजून घ्यायला ही जागा फार उपयोगी आहे. कोरडवाहू शेती होती तेव्हा कापूस संपला की वावर मोकळं. आता पाण्यावर गहू आहे, हरभरा आहे, आर्वी-आष्टी-कारंजाच्या पट्ट्यात संत्री आहेत. सगळ्यांना एकाच चार महिन्यांत माणसं लागतात. त्यातही कापूस सगळ्यात हट्टी. सोयाबीन एका दिवसात यंत्रानं निघतं. कापूस तीन-चार वेच्यांत निघतो, कारण आपल्याकडच्या संकरित कपाशीला बोंडं एकदम फुटत नाहीत. झाड पसरट, वावर लहान, मधल्या तासांत तूर. 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाल्यावर बोंडं वाढली, आणि वाढलेली बोंडंही हातानंच वेचायची होती.

अमेरिकेत हा प्रश्न यंत्रानं सोडवला. टेक्सास आणि आर्कान्सामध्ये कापूस वेचायला ब्रासेरो लागत होते, पाठीमागं लांबच लांब पोतं ओढत ते ओळीतून जायचे. मग वेचणी यंत्रं शेतात उतरत गेली आणि साठच्या दशकाच्या मध्याला बहुतेक कापूस यंत्रानं निघू लागला. योजना बंद झाली ती नेमकी याच काळात. विद्वान आणि संघटक एर्नेस्तो गालार्सा यांच्यासारख्यांनी मजुरांचे हाल जगापुढं मांडले होते. 1963 च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियातल्या चुआलारजवळ मजुरांना नेणाऱ्या गाडीवर रेल्वे आदळून 32 जण मेले, त्यानं लोकमत हललं. हे सगळं खरं. पण आर्वीच्या बाजारात कापसाच्या गाड्यांच्या रांगेत उभं राहून मला वाटलं, की तोवर हातांची गरजही कमी झाली होती, आणि हातांची गरज असती तर 32 प्रेतांनंतरही योजना चालू राहिली असती.

आर्वीहून देऊरवाडा जवळच. इथं वर्धा नदीवर पूल आहे आणि पलीकडे अमरावती जिल्ह्यातलं कौंडण्यपूर, रुक्मिणीचं माहेर. इथून पंढरपूरला जाणारी पालखी 1594 पासूनची समजतात. आषाढासाठी विदर्भाच्या या टोकापासून माणसं महिनाभर चालतात. नदीच्या पायऱ्यांवर बसलो असताना मला 1966 ची कॅलिफोर्नियातली पदयात्रा आठवली. त्याआधीच्या सप्टेंबरात डेलानोच्या द्राक्षमळ्यांत फिलिपिनो मजुरांनी लॅरी इटलियाँग यांच्या पुढारपणाखाली संप पुकारला होता आणि सेझर चावेझ यांची मेक्सिकन मजुरांची संघटना त्यात उतरली. वसंतात डेलानोहून राजधानी सॅक्रामेंटोपर्यंत मजूर चालत गेले. सुमारे साडेपाचशे किलोमीटर. पुढं ग्वादालुपेच्या मातेची पताका. आपल्याकडे पताका आणि चालणं यांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. दोन वर्षांनी संप हिंसेकडे झुकतोय असं दिसताच चावेझ यांनी 25 दिवसांचा उपवास केला. गांधीजींना ते गुरुस्थानी मानत. देऊरवाड्यापासून सेवाग्राम काही फार लांब नाही. 1936 मध्ये गांधीजी ज्या शेगावात येऊन राहिले, तेच पुढं सेवाग्राम झालं. कॅलिफोर्नियाच्या द्राक्षमळ्यांतले मजूर सेवाग्रामच्या झोपडीतून आलेल्या विचारानं उभे राहिले, आणि त्या झोपडीपासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, निंबाच्या झाडाखाली बसलेल्या टोळीला संघटना हा शब्द परका आहे. मला याचा राग आला. अजूनही येतो.

एक मोठा फरक मात्र सांगायला हवा. ब्रासेरो म्हणजे फक्त पुरुष. बायकामुलं मागं राहायची, पत्रांची वाट पाहायची. आपल्या टोळीत सगळं घर येतं. सोबत असल्याचा आधार असतो, पण पोरांची शाळा सुटते. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहांच्या योजना झाल्या. कापसाच्या टोळीची मुलं इतकी विखुरलेली, वावरावावरातून तीन-तीन, चार-चार, की त्यांची मोजदाद व्हायच्या आत ती दुसऱ्या गावाला गेलेली असतात. त्या झोळीची दोरी ओढणाऱ्या मुलीला मी विचारलं होतं, शाळेत जातेस का? ती हसली आणि बोटानं उत्तरेकडे दाखवलं. शाळा तिकडे, डोंगरात.

परतीच्या वाटेवर पुन्हा रोहण्याला उतरलो. वही लिहिणाऱ्या मुलीला भेटायचं मनात होतं. ती आठवीपर्यंत शिकलेली, हिंदी छान, इकडच्या तीन हंगामांत वऱ्हाडीही कळायला लागलेली. तिच्या आईवडलांचा हिशेब तिनं मला दाखवला. पानावर रेघा आखलेल्या, तारीख, आईचे किलो, बापाचे किलो. महिन्याभराची बेरीज 1,840 किलो. म्हणजे 18,400 रुपये. त्यातून उचल 15,000. किराण्याचे 1,900. खाली दुहेरी रेघ मारून 1,500. मी बेरीज पुन्हा करून पाहिली. बरोबर होती. होळीपर्यंत अजून दोन वेचे बाकी होते आणि आता पुढचं सगळं हातात येणार, या विचारानं तिची आई खुशीत होती.

मी तिला ब्रासेरोंच्या दहा टक्क्यांची गोष्ट सांगितली. सत्तरी-ऐंशीला टेकलेली ती माणसं पुढं एकत्र आली, 2001 मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयात गेली. मेक्सिको सरकारनं 2005 मध्ये अखेर माणशी 38,000 पेसो द्यायचं ठरवलं. पण त्यासाठी करारांचे मूळ कागद मागितले. साठ वर्षांपूर्वीचे. ज्यांनी ते पेटीत जपले होते त्यांना काही मिळालं. बाकीच्यांचे कागद पावसात गेले होते, उंदरांनी खाल्ले होते, बायको मेल्यावर घर आवरताना जाळले होते.

ती लक्ष देऊन ऐकत होती. काटा लागायची वेळ झाली होती, मुकादम हाका मारत होता. तिनं त्या दिवसाचे आकडे लिहिले, वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, पिशवीचं तोंड दोऱ्यानं बांधलं. मग पालात जाऊन पिठाच्या डब्याचं झाकण उघडलं आणि पीठ हातानं बाजूला सारून ती पिशवी अगदी तळाशी ठेवली.

“कितने साल रखूँ?” तिनं विचारलं.